हाय म्हणायचं नाही

आमच्या घरात मीठ सोडून कशाचाच पुरेपणा नव्हता. बाबा पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरात कामाला. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून लाकडी फावड्यानं मीठ ओढायचं. तळपायांना भेगा पडायच्या आणि त्या भेगांत पुन्हा मीठ जायचं. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा आई सुकी मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची आणि त्यावर घर चालायचं.

सकाळी मुकादम वही घेऊन बांधावर उभा राहायचा आणि एकेक नाव पुकारायचा. नाव आलं की माणसानं "हाय" म्हणायचं. हाय म्हणजे आहे, हजर आहे. हाय म्हटलं की वहीत खूण आणि त्या दिवसाचं काम नक्की. वाऱ्यात ऐकू आलं नाही, म्हणायचं राहिलं, तर आल्या पावली घरी. त्यामुळे आमच्याकडच्या माणसांच्या जिभेवर तो शब्द असा बसला होता की झोपेत हाक मारली तरी आधी हाय, मग डोळे उघडणार.

मी शाळेत असताना बाबा गाडी शिकले आणि मिठाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले. वर्षभर ते पँट घालून कामाला गेले. ती एकुलती पँट आई गादीखाली घडी घालून ठेवायची, तीच इस्त्री. मग एका अरुंद पुलावर 'भरधाव' ट्रक चालवल्याची केस त्यांच्यावर झाली. बाबांचं म्हणणं साधं होतं. पुलावर पुढं बैलगाडी होती, तिच्यामागं भरधाव कोण जाईल? एवढंच सांगायला ते कोर्टात गेले. वकील नव्हता. शिपायानं नाव पुकारलं, बाबा पिंजऱ्यात उभे राहिले, कुणीतरी भराभर काहीतरी वाचलं आणि शेवटी विचारलं, "कबूल आहे?" बाबांना त्यातलं 'आहे' तेवढं कळलं. ते म्हणाले, "हाय."

बैलगाडीपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. दंड झाला, लायसनवर शेरा पडला, मालकानं ट्रकवरून उतरवलं. बाबा परत मिठात गेले आणि पँट ट्रंकेत गेली.

पुढं आमच्या घरात कॉलेजची पायरी मी पहिल्यांदा चढले. पदवी घेतली, मग कायद्याची घेतली, आणि दोन हजार सालानंतर पनवेलच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहिले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लोक विचारतात, वकिलीच का? मी न्यायाबियाचं काही सांगत नाही. तो 'हाय' डोक्यात होता, एवढंच.

सुरुवातीला माझ्याकडे जमिनीचे खटले कोण देणार? पनवेलमध्ये जमीन म्हणजे सोनं, आणि ते नावाजलेल्या वकिलांकडे जायचं. माझ्या वाट्याला गाड्यांच्या केसेस आल्या. सिग्नल, परवाना, वेग. एक्स्प्रेस हायवे आमच्या दारातून गेलेला, त्यामुळे वेगाला तोटा नव्हता.

ज्यांचा कोर्टाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी हे काम थोडक्यात सांगते. वेगाची पावती झाली की माणसासमोर दोन वाटा असतात. दंड भरायचा आणि सुटायचं, ही पहिली. बहुतेकांनी तीच घ्यावी असं मी स्वतः सांगायची. दुसरी म्हणजे कोर्टात 'गुन्हा कबूल नाही' म्हणायचं. मग पोलिसांना साक्षी आणाव्या लागतात, यंत्राचे कागद दाखवावे लागतात, आपल्याला तारखांना यावं लागतं. एक दिवसाचं दुखणं वर्षभर पुरतं. शिवाय हरलात तर गुन्हा सिद्ध झाल्याचा शिक्का. यातली कोणती वाट घ्यायची हे सांगणं म्हणजे माझं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे कोर्टाच्या व्हरांड्यात वाट बघणं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने यायची. बाजारातले एक किराणा दुकानदार जुनी स्कूटर घेऊन आले. त्यांच्या पावतीवर वेग लिहिला होता नव्वद. मी म्हटलं, "शेठ, ही केस आपण लढू. तुमची स्कूटर नव्वदनं जाणं शक्य नाही." तर ते म्हणाले, "लढायचं कशाला? मला फक्त या कागदाची सहीशिक्क्याची प्रत काढून द्या. गाडी विकायला काढलीय."

पण मला सांगायचंय ते दत्तारामकाकांबद्दल.

दत्ताराम पनवेलजवळच्या कोन गावचे. तरुणपणी बाबांच्याच मिठागरात कामाला होते, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. मिठागरं एकेक करून बुजली तसे तेही गाडी शिकले आणि एका कंत्राटदाराकडे कंपनीच्या बसवर लागले. पनवेलहून माणसं घ्यायची, हायवेनं खोपोलीच्या बाजूच्या कारखान्यात सोडायची, संध्याकाळी परत आणायची. वीस वर्षं हेच. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाय, माना दंड भरायचाय. कुठं भरू ता सांग."

पावती पाहिली. वेग एकशे चार. त्या पट्ट्यात बसला ऐंशीची मर्यादा. लायसन पोलिसांनी ठेवून घेतलेलं, तोवर ही पावतीच लायसन.

"काका, दंड भरलात तर आरटीओ लायसन तीन महिन्यांसाठी बंद करील. आता वेगाच्या केसला वरून तसा हुकूम आहे."

"तीन महिने?"

"कंत्राटदार थांबेल का तुमच्यासाठी?"

ते एकदम खाली बसले. "तो तीन दिस थांबत नाय. लायसन बंद झाला का दुसरा मानूस चढवतो. मंग माना कोन घेल या वयात? आनि परत मिठात जावा तर मीठ तरी कुठं हाय?"

मी विचारलं, "एकशे चारनं चालवत होतात?"

"नाय. ती बस उतारावर ढकलली तरी एकशे चार नाय जात. माझ्या बाजूनं एक दुसरी पांढरी बस गेली, सुसाट. मंग पुढं हवालदारानं माना हात केला."

"मग तुमचा वेग किती होता?"

इथं दुसरा कुणी असता तर सत्तर म्हणाला असता. दत्तारामकाका म्हणाले, "काटा ऐंशीच्या पुढं होता गो. पंच्याऐंशी असंल."

मी पेन खाली ठेवलं. म्हणजे माणूस गुन्हेगार होता, पण या पावतीवरचा नाही. पाच किलोमीटरचा गुन्हा त्यानं केला होता आणि चोवीस किलोमीटरच्या गुन्ह्यासाठी त्याची नोकरी जाणार होती.

सात दिवसांवर तारीख होती. त्या सात दिवसांत मी एका जागी धड बसले नाही. जेवताना उठायची, पावती काढून बघायची, परत जेवायला बसायची. लढावं तर पंच्याऐंशीचं ओझं माझ्या डोक्यावर. शिवाय हरलो तर काकांच्या तारखांच्या खाड्यांनी कंत्राटदार आधीच चिडलेला असणार. कबूल करावं तर बाबांच्या पिंजऱ्यात मी स्वतःच्या हातानं दुसरा माणूस उभा करणार. रोज संध्याकाळी घरी गेले की ओटीवरून बाबा विचारायचे, "दत्तूचा काय ठरला?"

"अजून नाही."

"भरून टाकू दे त्याला. कोर्टात आपला काय चालतो?"

हे बाबांनी म्हणावं याचा मला राग यायचा. चप्पल काढायच्या आधीच मी परत बाहेर पडायची, उगाच तळ्यापर्यंत जाऊन यायची.

पावतीवर अजून एक गोष्ट होती. गाडीच्या नंबरात 'एमएच ०६' लिहून शून्याचा चार केला होता. पनवेलला स्वतंत्र आरटीओ झालं तेव्हा नव्या गाड्यांवर एमएच ४६ आलं, त्याआधी आम्ही सगळे पेणचे, एमएच ०६. हात वळायला वर्षं लागली. मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "ता माझ्यासमोरच केला. हवालदार सवयीनं शून्य सहा लिवून गेला, मंग गाडीचा कागद बघून नीट केला. चांगला मानूस होता, माना पानी पन दिला." वकिलाला असली खाडाखोड म्हणजे पंगतीतलं गोड. पण ती कशी झाली ते मला कळून चुकलं होतं, आणि तिथून माझी बेचैनी दुप्पट झाली.

रविवारी सकाळी मी काकांना घेऊन कोनजवळच्या पुलावर गेले. खालून हायवे जात होता. मी घड्याळ लावलं आणि म्हटलं, "पांढऱ्या बस मोजू." दहा मिनिटांत चौदा झाल्या. कंत्राटी बस सगळ्या पांढऱ्याच.

"आता ती लांबची बघा. तुमच्या कंपनीची आहे का?"

काकांनी डोळे बारीक केले. "आमचीच हाय." ती पुलाखालून गेली. तिच्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. वीस वर्षं हायवेवर काढलेला माणूस अर्ध्या किलोमीटरवरून स्वतःच्या कंपनीची बस ओळखू शकला नाही.

वेग मोजणारं यंत्र त्या वेळी फक्त वेग आणि वेळ छापायचं, फोटो नव्हता. यंत्रावरचा पोलीस मागं, गाडी थांबवणारा पुढं, आणि मध्ये वायरलेसवरचा एक शब्द. आमची सगळी केस त्या एका शब्दात होती, हे मला पुलावर कळलं.

"काका, लढता येईल. पण तुम्हाला कोणी पंच्याऐंशीचं विचारलं तर खोटं बोलायचं नाही. आरोपीला शपथेवर बोलायची सक्ती नसते. विचारतील एवढंच सांगायचं."

ते कठड्यावर रेलले. मग म्हणाले, "तुज्या बापाला मी त्या दिवशी मिठात परत आलेला बघितलाय. मुकादमानं नाव घेतला तं त्यानं हाय बोल्ला नाय. तीन वेळा घेतला. मंग आमीच बोल्लू, हाय, हाय." ते कठड्यापासून बाजूला झाले. "लढू."

हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

तारखेच्या सकाळी मी काकांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेतलं आणि शाळेतल्यासारखं पढवलं. "नाव पुकारलं की 'हजर आहे' म्हणायचं. कबूल आहे का विचारलं की 'नाही' म्हणायचं. आणि हाय म्हणायचं नाही. काही झालं तरी हाय हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कळलं?"

"हाय," काका म्हणाले.

"काका."

"नाय नाय. कळला."

चार वेळा पढवलं. चौथ्यांदा ते ओठ मिटून मान हलवायला शिकले. तेवढ्यात दुसऱ्या कोर्टात माझी एक केस निघाली म्हणून मी त्यांना बाकावर बसवून धावले. दहा मिनिटांत परत आले तर काका तसेच बसलेले, ओठ मिटलेले, कपाळावर घाम. आतून कारकून बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा आरोपी गैरहजर. वॉरंट निघालं."

"गैरहजर कसा? हा काय बसलाय."

"तीन वेळा पुकारलं. कोणी ओ दिली नाही."

मी काकांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "माना दुसरा शब्द आठवलाच नाय. जिभेवर तोच आला. मंग मी तोंड गच्च धरला."

मी तिथंच वॉरंट रद्द करायचा अर्ज लिहिला. बाबांची नोकरी ते हाय म्हणाले म्हणून गेली, आणि काकांची मी त्यांना हाय म्हणू दिलं नाही म्हणून घालवत होते. न्यायाधीश साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"तुम्ही बाहेर होतात. मग उत्तर का दिलं नाही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "बाईंनी सांगलाय, हाय बोलायचा नाय."

मागच्या बाकावरचे वकील हसले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. मुकादमाची वही, हाय, आणि नाव न घेता एका ट्रक ड्रायव्हरची गोष्ट. त्यांनी वॉरंट रद्द केलं. मग आरोप अगदी सावकाश समजावून सांगितला आणि काकांना म्हणाले, "मी पूर्ण वाक्यात विचारतो. तुम्ही पूर्ण वाक्यात सांगा. घाई नाही. हा गुन्हा तुम्हाला कबूल आहे का?"

काकांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "माना ह्यो गुन्हा कबूल नाय."

ते टाइप झालं. टाइप होण्याचा आवाज मी आजवर हजारदा ऐकलाय, पण त्या दिवसाइतका लक्ष देऊन कधी ऐकला नाही.

पुढं तारखा पडत गेल्या. निकालापर्यंत थांबा असं आरटीओला लेखी कळवलं होतं, ते त्यांनी मान्य केलं. काका पावतीवर गाडी चालवत राहिले, माझा जीव मात्र प्रत्येक तारखेला टांगलेला. शेवटी साक्षी झाल्या. यंत्रावरचा पोलीस म्हणाला, मी वायरलेसवर 'पांढरी कंपनीची बस' असं सांगितलं. नंबर? लांबून दिसला नाही. त्या वेळी किती पांढऱ्या बस होत्या? आठवत नाही.

मग गाडी थांबवणारे हवालदार आले. पन्नाशीचे, सरळ उभे राहणारे. मी विचारलं, "आरोपीच्या बसचा वेग तुम्ही स्वतः पाहिला?"

"नाही. वायरलेसवर ऐकला."

"त्यांच्या पुढं आणखी पांढरी बस होती?"

नाही म्हणणं सोपं होतं. ते म्हणाले, "होती. तिला हात करेपर्यंत ती निघून गेली. मागची थांबवली."

माझी केस तिथंच संपली होती. मी तिथं बसायला हवं होतं. पण महिनोन् महिने साठलेली धास्ती माणसाला बसू देत नाही. मी पावती पुढं केली आणि म्हटलं, "नंबरात खाडाखोड आहे, ती तुमची?"

"माझी."

"म्हणजे गाडीच्या नंबराबद्दल तुमची खात्री नव्हती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खात्री होती. हात चुकला."

"एवढंच विचारायचं होतं," मी म्हटलं आणि बसले. पिंजऱ्यातले काका मात्र माझ्याकडे बघत नव्हते.

दुपारी व्हरांड्यात हवालदार समोर आले. मी बाजूला होऊन वाट दिली. ते थांबले.

"बाई, ते शून्य सहा सवयीनं पडलं होतं. तुमच्या माणसासमोर मी दुरुस्त केलं."

"माहीत आहे."

"माहीत होतं, तर विचारलंत कशाला?"

ते टोपी सारखी करून निघून गेले. एका माणसाला जिभेच्या सवयीनं शिक्षा झाली होती, आणि मी दुसऱ्या माणसाच्या हाताच्या सवयीला कोर्टात उभं केलं होतं. त्या प्रश्नाबद्दल आजही मला कुणी शाबासकी दिली तर मी विषय बदलते.

काकांना शेवटी साहेबांनी विचारलं, पुराव्यात आलंय की तुम्ही एकशे चारच्या वेगानं बस चालवली, तुमचं म्हणणं काय? पंच्याऐंशी तोंडातून निघेल असं वाटत होतं, आणि निघालं असतं तर मी थांबवलंही नसतं. काका म्हणाले, "एकशे चारनं मी गाडी चालवली नाय, सायेब." त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी त्या दिवशी मी घरी जाताना दोन रिक्षा सोडल्या आणि चालत गेले.

निकाल लागला तेव्हा बाबा ओटीवरच होते. म्हातारपणानं ऐकू कमी येत होतं, म्हणून मी जवळ बसून सांगितलं, "काका सुटले."

"कोर्टात काय सांगलान त्यानं?"

"माना ह्यो गुन्हा कबूल नाय."

बाबांनी ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, पूर्ण. मग म्हणाले, "येवढा लांब बोलून दिला त्यांनी?"

"दिलं."

त्या निकालपत्रात खाडाखोडीचा उल्लेख नाही. पुढची पांढरी बस निघून गेली होती, या हवालदारांच्या उत्तरावर ते लिहिलेलं आहे. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या वर्षांत मी आरोपीला कोणता शब्द म्हणायचा नाही हे कधी शिकवलं नाही. काय विचारतील तेवढं सांगत आले, आणि वाहतुकीच्या केसमध्ये आरोपीला त्याच्या बोलीत, सावकाश विचारावं, असा अर्ज पहिल्या तारखेलाच देत आले. तो बहुतेक वेळा मंजूर झाला.

दत्तारामकाकांचं लायसन त्यांना परत मिळालं. उरलेली वर्षं पुरी करून ते बसवरूनच निवृत्त झाले. लायसनवर एकही शेरा नव्हता.